‘ग्रुपमध्येच ओढते, व्यसन नाही’ हे कसं ओळखायचं?

प्रश्न (पत्र मोठं होतं, थोडक्यात देत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी वीस वर्षांची आहे, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मूळची बार्शीकडची. पहिल्या वर्षाच्या शेवटी ग्रुपमध्ये पहिली सिगारेट ओढली. आता दिवसाला दोन-तीन होतात, सबमिशनच्या आठवड्यात चार-पाच, कारण तेव्हा टेन्शन असतं. पाकीट कधीच विकत घेतलेलं नाही. टपरीवर लूज घेते, तीही बऱ्याचदा शेअर करून. घरी गेले की एकही ओढत नाही. गौरी-गणपतीला आठ दिवस होते, काही झालं नाही. परत येताना मात्र बस हडपसरला आली की आठवण येते आणि स्वारगेटला उतरल्यावर रिक्षाच्या आधी मी टपरी बघते. आमच्या ग्रुपमधला एक जण दिवसाला दहा-बारा ओढतो, त्याला अ‍ॅडिक्ट म्हणता येईल. आणि व्यसन काय असतं ते मी लहानपणापासून घरात पाहिलंय. बाबा तंबाखू खातात, कितीदा सोडली आणि कितीदा परत धरली. मागच्या महिन्यात रूममेटशी भांडण झालं. रविवारी पीजीजवळची टपरी बंद होती म्हणून मी वीस मिनिटं चालत दुसरीकडे गेले आणि तिला जर्नल लिहायला मदत करायची राहून गेली. ती म्हणाली, ‘तू अ‍ॅडिक्ट झालीयेस.’ मला चालायला आवडतं हे तिला माहीत आहे. मुलगा असता तर तिने असं म्हटलं असतं का? आणि सगळेच ओढत असताना मी चहाला जाऊन नुसतं उभं राहायचं का? ताई, तुम्हीच सांगा, मी अ‍ॅडिक्ट की ओकेजनल?

उत्तर:

आधी रूममेटचा विषय संपवू, कारण तो सोपा आहे. तुझ्या जागी मुलगा असता तर तिने बहुतेक असं म्हटलं नसतं. टपरीवर दहा मुलं धूर सोडत उभी असली तर कोणी ढुंकून बघत नाही, त्यात एक मुलगी दिसली की स्कूटरवरचे काका सिग्नल सुटल्याचंही विसरतात. तुला याची चीड येते ती रास्तच आहे. पण ती चीड तुझ्या खऱ्या प्रश्नात मिसळू नकोस. रूममेट दुजाभाव करत असेल आणि तरीही तिने जे पाहिलं ते बरोबर असेल, असं होऊ शकतं.

आता पत्राकडे. वाचताना वाटत होतं की तू प्रश्न विचारत नाहीयेस, स्वतःचं वकीलपत्र घेतलं आहेस. पाकीट घेत नाही, शेअर करते, घरी लागत नाही, मित्र माझ्यापेक्षा जास्त ओढतो, बाबा तर त्याहून पुढे गेलेत. सगळं खरं असेल. पण यातल्या बहुतेक मुद्द्यांवरून व्यसन आहे की नाही हे ठरतच नाही. ज्या दोन गोष्टींवरून थोडंफार ठरवता येईल त्या तू जाता जाता लिहून गेलीस. एक स्वारगेट आणि दुसरा तो रविवार. त्यांच्याकडे येतेच, आधी आकड्याचं बघू.

दोन-तीन म्हणजे थोड्या, मान्य. पण त्या रोज आहेत. तंबाखूविषयीच्या मोठ्या पाहण्यांमध्ये वापरणाऱ्यांचे दोन गट करतात, रोज वापरणारे आणि रोज न वापरणारे. पुण्यात असतेस तेव्हा तू पहिल्या गटात आहेस. कोणाच्या बर्थडेला, ट्रिपला, लग्नाच्या आदल्या रात्री एखादी ओढणारी आणि नंतर महिना महिना जिला आठवणही होत नाही अशी मुलगी ओकेजनल. पहिल्या वर्षाच्या शेवटी तू तशी होतीस. तिथून इथवर आलीस आणि मधल्या कुठल्याही दिवशी तुला ‘आज काहीतरी बदललं’ असं वाटलं नसणार. कोणालाच वाटत नाही.

शेअर केलेल्या सिगारेटी आपण हिशेबात धरत नाही, हेही लक्षात घे. खरा आकडा बघायचा असेल तर फोनमधले यूपीआयचे व्यवहार उघड आणि टपरीवाल्याच्या नावापुढचा मागचा महिना खाली खाली सरकवत जा. चहा आणि क्रीमरोल वजा कर. जो आकडा राहील तो पत्रातल्या ‘दोन-तीन’शी जुळला तर उत्तम. नाही जुळला तर तो मला कळवायची गरज नाही, तुला कळला तरी पुष्कळ झालं.

पाकीट न घेण्याचं म्हणशील, तर आपल्याकडे कितीतरी लोक वर्षानुवर्षं सुटीच घेतात. त्यात स्वतःवरचा ताबा दिसत नाही, विक्रीची पद्धत दिसते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून लूज सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करायला तर २००३ च्या कायद्यानेच बंदी आहे. कायदाही आहे आणि टपरीही आहे, तुला दोन्ही ठाऊक आहे. लूज घेण्याचा एक परिणाम मात्र नीट बघ. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला इशारा तुझ्या हातात कधी येतच नाही, आणि प्रत्येक खरेदी इतकी छोटी असते की ती खरेदी वाटतच नाही.

बाबांबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी जास्त वेळ थांबले. शर्टाच्या खिशात पुडी आणि चुन्याची डबी, जेवण झालं की डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन अंगठ्याने मळणं, वरून दोन थापा मारून भुकटी उडवणं, मग चिमूट खालच्या ओठाआड. असं घर मराठवाड्यात, सोलापुरात शोधावं लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे जेमतेम ४ टक्के, बाकी बहुतेक खाणारे किंवा मिश्री लावणारे. अशा घरात वाढल्यावर व्यसन म्हटलं की डोळ्यांपुढे पन्नाशीचा, दात काळे पडलेला, दहादा सोडून दहादा धरलेला माणूस उभा राहतो आणि त्याच्या शेजारी आपण अगदीच किरकोळ वाटतो.

पण तू पाहिलास तो या गोष्टीचा फार उशिराचा भाग. बाबा वीस वर्षांचे असताना पारावर कोणाच्या तरी हातून चिमूटभर घेत होते, तेव्हा तू नव्हतीस. तेव्हा तेही पुडी विकत घेत नसतील. ‘काढ की जरा तंबाखू’ म्हणत अनोळखी माणसाशी ओळख करून घ्यायची आपल्या गावांची जुनी रीत आहे. तंबाखू वाटून खाणारा माणूस तिच्यापासून सुरक्षित राहतो असं कुठल्याही गावात दिसलेलं नाही. तुझी अर्धी-अर्धी सिगारेट आणि ती चिमूट यांत फरक आहे, पण दोन्हींतलं निकोटीन एकच.

ते निकोटीन काय करतं, हे थोडक्यात. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं. तिथल्या विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टर्सना चिकटतं आणि डोपामिन वाढवतं, म्हणून बरं वाटतं. मग साधारण दोन तासांत त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर येते. वारंवार निकोटीन मिळत राहिलं की मेंदूत या रिसेप्टर्सची संख्या वाढते, आणि ते रिकामे राहिले की माणूस बेचैन होतो, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवर चिडतो. मग सिगारेट मिळते आणि सगळं शांत होतं. सबमिशनला टेन्शन असतं म्हणून जास्त ओढते, असं तू लिहिलंस. टेन्शन असतंच, नाही म्हणत नाही. पण रोज ओढणाऱ्यांच्या बाबतीत सिगारेटने जे टेन्शन उतरतं, त्यातलं बरंचसं आधीच्या सिगारेटचा असर उतरल्यामुळेच आलेलं असतं. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा आला होता. सिगारेट सोडलेल्यांमध्ये चिंता, ताण आणि उदासी, न सोडलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेली आढळली. ‘सोडली तर टेन्शन कसं झेलू’ असं वाटणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथे तुझ्या बाजूचीही एक गोष्ट सांगते, कारण मी नाही सांगितली तर ग्रुपमधलं कोणीतरी सांगेलच. थोड्याच ओढून व्यसनात न अडकणारी माणसं खरोखर असतात. पिट्सबर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॉल शिफमन यांनी १९८० च्या दशकापासून अशांचा अभ्यास केला. दिवसाला पाच किंवा त्याहून कमी, वर्षानुवर्षं तेवढ्याच, आणि नाही मिळाली तरी चिडचिड नाही की बेचैनी नाही. पण ती प्रौढ माणसं होती आणि अनेक वर्षं त्याच आकड्यावर टिकली होती. तू अजून कुठल्याच आकड्यावर टिकलेली नाहीस. शून्यावरून तीनवर आलीस आणि सबमिशनला पाचवर जातेस. तू त्यांच्यापैकी आहेस की नाहीस हे आज कोणी सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूला २०१८ मधलं एक विश्लेषण आहे. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती त्यात होती. सिगारेट एकदा ओढून बघणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जण पुढे, निदान काही काळ तरी, रोज ओढू लागले होते. आपला समाज वेगळा आहे, तेच प्रमाण इथे असेल असं मी म्हणत नाही. पण ‘मी त्या थोड्यांपैकी असेन’ हा भरवसा किती धरायचा याचा अंदाज त्यावरून येतो.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर मंडळी ज्या प्रश्नांच्या आधारे अंदाज घेतात त्यांत एक जुना प्रश्न म्हणजे सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते. पाच मिनिटांत लागत असेल तर प्रकरण पुढे गेलेलं असतं. तुझ्यासारख्यांना तो फारसा उपयोगी नाही, कारण पीजीत सकाळी सकाळी ओढणार कुठे! अमेरिकेतले डॉक्टर जोसेफ डिफ्रान्झा यांनी किशोरवयीन मुलांसाठी दहा प्रश्नांची एक यादी केली, ती तुमच्या वयाला जवळची आहे. त्यात दिवसाला किती, हे विचारतच नाहीत. सोडायचा प्रयत्न करून जमलं नाही असं कधी झालं का? जोरदार तलफ येते का? जिथे ओढायची नाही तिथे स्वतःला आवरणं जड जातं का? काही वेळ मिळाली नाही की अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, अस्वस्थ वाटतं, असं होतं का? एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तरी स्वतःवरचा ताबा थोडा सैल झालाय असं ते मानतात. त्यांच्या पाहणीत काही मुलांना ही लक्षणं रोज ओढायला लागण्याआधीच जाणवली होती. एका ‘हो’वरून इतका मोठा निष्कर्ष काढावा का यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे, आणि मलाही तो जरा कडक वाटतो. पण प्रश्न चांगले आहेत. मानसोपचाराच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतही तंबाखूच्या व्यसनाचे ११ निकष आहेत, वर्षभरात त्यातले २ जुळले की सौम्य स्वरूपाचं निदान होतं. त्या अकरांमध्येही दिवसाला अमुक इतक्या, असा आकडा कुठेच नाही.

आता स्वारगेट. घरी आठ दिवस काहीच झालं नाही, ही खरोखर चांगली बातमी आहे. शरीर फार अडकलं असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तू आईवर तरी खेकसली असतीस, नाहीतर रात्री जागी राहिली असतीस. पण तेवढ्यावरून सगळं ठीक आहे असं मात्र समजू नकोस. इस्रायलमध्ये विमानातल्या सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विमानात ओढता येत नाही. अपेक्षा अशी की जितका प्रवास लांब तितकी तलफ जास्त. प्रत्यक्षात तलफ वाढली ती प्रवास संपत आला की, मग तो लांबचा असो की जवळचा. कमी वेळाच्या विमानातल्यांना उतरायच्या सुमाराला जितकी तलफ होती, तितकी लांबच्या विमानातल्यांना त्याच वेळी नव्हती, कारण त्यांना अजून बरंच जायचं होतं. म्हणजे तलफ फक्त निकोटीन संपल्यामुळे येत नाही. आता मिळणार हे दिसू लागलं की येते.

तुझं हडपसर हेच आहे. बार्शीच्या घरात सिगारेट मिळण्याची शक्यताच नसते, म्हणून मन तिकडे जात नाही. सोलापूर रोडवर गाड्यांची गर्दी वाढली, मगरपट्ट्याच्या पाट्या दिसल्या, की मिळणार हे दिसायला लागतं. त्यामुळे घरी सिगारेटशिवाय राहता येतं याचा पुरावा म्हणून फार उपयोग नाही. पुण्यात, कॉलेज सुरू असताना, टपरीसमोर उभं राहून नाही ओढली तर काय होतं, तिथे खरं कळेल.

आणि रविवार. मला स्वारगेटपेक्षा हा जास्त खटकला. चालायला आवडतं हे मी मान्य करते, पण मग बाई, त्या रविवारी ग्रुप कुठे होता? तू एकटी होतीस. जवळची टपरी बंद होती. एका मैत्रिणीला शब्द दिला होता आणि वायवा तोंडावर होती की काय माहीत नाही, पण जर्नल अर्धवट होतं. तरी तू वीस मिनिटं जायला आणि वीस यायला दिलीस, आणि वर त्याला फिरणं हे कारण शोधलंस. ‘ग्रुपमध्येच ओढते’ हे वाक्य त्या दिवसाला लागू पडत नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. पण मत विचारलंस म्हणून सांगते. तुझं शरीर अजून फारसं गुंतलेलं दिसत नाही, पण काही जागा, काही वेळा आणि काही माणसं यांच्याशी सिगारेट घट्ट बांधली गेली आहे, आणि त्या रविवारपासून माणसांचीही गरज उरलेली नाही. तुला ओकेजनल मी म्हणणार नाही. सुटायला अजून सोपी आहे अशा टप्प्यावर आहेस, असं म्हणेन. दिवसाला दहा-बारावाल्या मित्रापेक्षा तुला खूप कमी कष्ट पडतील.

थोड्या ओढल्या तर नुकसानही थोडंच, असं मनात असेल तर एवढं सांगते. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार दिवसाला वीस ओढल्याने हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. विसावा भाग असेल असं आपल्याला वाटतं, तसं नसतं. मिंटवाली किंवा बारीक सिगारेट घेतल्यानेही काही सुटका नाही, माणूस नकळत खोल झुरके घेतो. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ‘मी सिगारेट नाही, फक्त वेप घेतो’ असं म्हणायचं असेल त्यांनी त्यात किती निकोटीन आहे ते बघावं. ई-सिगारेटची विक्री देशात २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे लपूनछपून मिळणाऱ्या त्या वस्तूत काय भरलंय याची खात्री देणारंही कोणी नाही.

तुझ्यापुढे तीन वाटा दिसतात. पहिली, आहे तसंच चालू ठेवायचं. ही निवडायचा तुला हक्क आहे, पण मग निदान ‘ओकेजनल’ म्हणणं सोड.

दुसरी, नियम घालून कमी करायचं. फक्त ग्रुपमध्ये, फक्त शनिवारी, वगैरे. पुष्कळ जण इथून सुरुवात करतात. काहींना जमतं. पण शनिवारचा नियम बुधवारी ‘आज वायवा झाली म्हणून’ शिथिल झाला आणि पुढच्या आठवड्यात ‘आज पाऊस आहे म्हणून’, तर नियमाच्या नावाखाली दिवसभर सिगारेटचाच विचार चालतो, आणि तो न ओढण्यापेक्षा जास्त दमवतो. ही वाट धरायचीच असेल तर एकच नियम घे, तो रूममेटला सांग आणि महिन्यात कितीदा मोडला ते लिहून ठेव. तीनदा-चारदा मोडला तर तुला तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

तिसरी वाट, आणि माझं वजन तिच्याकडे आहे, चार आठवडे पूर्ण बंद. चार यासाठी की निकोटीन थांबवल्यावरचा त्रास पहिल्या दिवसात सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. हे चार आठवडे ‘सबमिशन झाल्यावर’ सुरू करायचे ठरवू नकोस. सबमिशननंतर ओरल्स असतात, ओरल्सनंतर लेखी, मग प्लेसमेंट. त्यापेक्षा दिवाळीला घरी जाशील तेव्हाचा मुहूर्त धर. विचार कर, दर सुट्टीत पहिल्या आठ दिवसांचं सगळ्यात अवघड काम तुझ्याकडून काहीही न करता होऊन जातं, आणि तू ते स्वारगेटच्या टपरीवर विसाव्या मिनिटाला वाया घालवतेस. यावेळी स्वारगेटला जाऊच नकोस. हडपसरलाच उतर आणि तिथून रिक्षा किंवा पीएमटी पकड. नाहीतर बसमध्ये असतानाच मोबाईलवर रिक्षा बुक कर, म्हणजे उतरल्या उतरल्या रिक्षावाला फोन करून भंडावून सोडेल आणि तुला इकडेतिकडे बघायला वेळच मिळणार नाही.

मग टपरी. तिथे जाणं बंद करू नकोस. चहाला नुसतं उभं काय राहायचं, असं तू विचारलंस. हो, नुसतं उभं राहायचं, हातात कटिंग घेऊन. ग्रुपमध्ये सगळेच ओढतात हे खरंच तपासून बघ. माझा अंदाज, आठ-दहा जणांत दोन-तीन जण नुसता चहा पिणारे निघतील, आणि त्यांना कोणी कधी त्याबद्दल विचारलंही नसेल. ‘मी सोडली’ अशी जाहीर घोषणा करू नकोस, घोषणा केली की मित्र आग्रह करण्यात मजा घेतात. ‘आज नको’ एवढं पुरतं. रोज ‘आज नको’. ग्रुपमधल्या एका कोणाला मात्र बाजूला घेऊन खरं सांग आणि तुझ्यापुढे सिगारेट धरू नकोस एवढं कबूल करून घे. तलफ आली तर ती तीन-चार मिनिटांत उतरणीला लागते. तेवढ्यात पाणी पी, बडीशेप खा, कोणाला तरी फोन लाव, तुला आवडतं म्हणतेस तर चाल. फक्त टपरीच्या उलट दिशेने. रोज ओढणाऱ्यांनी सोडली की चहा-कॉफी जास्त चढते, कारण धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन जास्त वेगाने निकामी करत असतं आणि धूर थांबला की तो वेग मंदावतो. म्हणून त्या दिवसांत हात थरथरले, झोप उडाली तर लगेच सिगारेट सोडण्याला दोष देऊ नकोस, आधी दोन कटिंग कमी कर.

मध्येच एखादी ओढली गेली तर ‘आता काय, मोडलंच’ म्हणून पाकीटभर ओढायची नाही. कधी, कोणाबरोबर, कशामुळे, एवढं फोनमध्ये टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू. दोनदा-तीनदा तेच कारण दिसलं तर बंदोबस्त त्या कारणाचा करायचा.

चार आठवडे सहज गेले तर मी तुझ्याबद्दल जास्त काळजी केली असं समज, मला आनंदच होईल. तिसऱ्या दिवशीच जीव कासावीस झाला, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा एकटीने झुंजत बसू नकोस. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथले समुपदेशक बोलतात, तारीख ठरवायला मदत करतात. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, पण तू लूज घेतेस, त्यामुळे तुझ्या नजरेस पडला नसणार.

रूममेटला एवढंच सांग, ‘तुझं जर्नल राहिलं त्याबद्दल सॉरी.’ अ‍ॅडिक्ट आहे की नाही यावर तिच्याशी वाद घालायची गरज नाही. तिने केलेली मदत मात्र चार आठवडे घे. एकाच खोलीत राहणारं माणूस तुझी चिडचिड तुझ्या आधी ओळखतं.

राहिला तुझा तो मित्र. तू त्याला मोजपट्टी म्हणून वापरलंस, पण त्यालाही कोणीतरी काही सांगायला हवं. दिवसाला दहा-बारा आणि सकाळी उठल्याबरोबर पहिली, असं असेल तर नुसत्या निश्चयावर त्याला सोडू नका. औषधाच्या दुकानात निकोटीनचे गम मिळतात, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर साधारण ४ चे, नाहीतर २ चे, पण सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घेतलेलं बरं. तो बबलगमसारखा एकसारखा चघळायचा नसतो, बरेच जण तिथेच चुकतात आणि मळमळलं म्हणून सोडून देतात. हळूहळू चावायचं, तिखटसर चव आली की थांबून गालाआड धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा नाही, कारण चहाने तोंडातलं निकोटीन नीट शोषलं जात नाही. टपरीवर त्याला हे सगळ्यात जड जाईल, म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्याच्या चहाचं बिल तूच वाचव.